तिघींपैकी पहिली

९ जानेवारी

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी एकच वही घ्यायला सांगितली होती. "काकू, काका दिवसभरात जे जे शब्द बोलतील ते लिहून ठेवा. चुकीचे असले तरी लिहा." मी दोन आणल्या. त्या वहीत यांचे शब्द, या वहीत माझे. घरात बोलणारी मी एकटीच उरलेय. भिंतीशी बोलण्यापेक्षा कागद बरा.

आजचा यांचा हिशेब तीन शब्दांचा. "नाही" एकवीस वेळा. "तू" सहा-सात वेळा. आणि एक शिवी, अगदी खणखणीत. शिवी बाईंसमोरच निघाली. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं, पण बाई खूश झाल्या. म्हणाल्या, शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात, त्या बऱ्याचदा वाचतात. म्हणजे घर जळालं आणि उकिरडा शाबूत राहिला.

ऑक्टोबरात झटका आला. उजवा हात लोंबतो, उजवा पाय ओढत टाकतात. वाचा गेली, समज आहे. सगळं कळतं, हेच तर वाईट आहे.

बाईंचं म्हणणं, नुसती चित्रांची कार्डं दाखवून भागणार नाही. "त्यांच्या हाताला जे काम ओळखीचं आहे ते समोर ठेवा. डाव्या हाताने का होईना, करू द्या." आता गिऱ्हाइकाची गाडी तर यांच्या हाती देता येत नाही. पण मागच्या शेडमध्ये आमच्याच म्हणाव्यात अशा तीन जुन्या मोटारसायकली पडून आहेत. 'एक दिवस करू' या सदरातल्या.

"एकच बाहेर काढा," बाई म्हणाल्या. "तिन्ही एकदम काढल्या तर दडपण येईल. पहिली कोणती ते तुम्ही ठरवा."

मी ठरवू! खाली आमचं दुकान, वर घर. मागे हे गाड्या दुरुस्त करतात, पुढे मी गाड्यांच्या सीटा शिवते. माझ्या मशीनपासून यांच्या कामाच्या टेबलापर्यंत सात पावलं. सव्वीस वर्षांत मी ती सात पावलं फक्त चहा द्यायला चाललेय.

११ जानेवारी

शेडमध्ये जाऊन तिघींना पाहून आले. धुळीने जीव घुसमटला.

थोरली: दोन सिलिंडरची, बैलासारखी. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी यांनी कुठल्याशा लिलावातून ओढून आणली. हिच्यावर बसून आपण समुद्राच्या कडेकडेने शेवटपर्यंत जायचं, असं ठरलं होतं. तेव्हापासून ती उघडी पडलीय. इंजिन एका खोक्यात, चाकं दुसऱ्या.

काळी: एका गिऱ्हाइकाची. "दोन दिवसांत नेतो," म्हणाला आणि अकरा वर्षं झाली, फिरकलाच नाही. पोरगी सासरी सोडून माहेरचे पळून जावेत तशी ही आमच्याकडे राहिली.

शेळी: हे नाव माझं. पुढे मोकळी, मधून पाय आत घालून बसतात तसली छोटी गाडी. क्लच नाही, पायाने दाबायचे तीन गिअर. झटका यायच्या चार महिने आधी हे भंगारवाल्याकडून घेऊन आले. मी म्हणाले होते, "दोन पडल्यात त्यात ही तिसरी कशाला?" हे नुसते हसले. उत्तर दिलं नाही. तेव्हा देता येत होतं.

१४ जानेवारी

सगळ्यांना विचारून झालं.

लेकीचा फोन: "आई, थोरली काढ. बाबांचा जीव आहे तिच्यात." तिला दुसऱ्या गावाहून बोलायला सोपं. थोरलीत अडीचशे तुकडे आहेत.

आमचा लेथवाला, म्हणजे यांचा शाळेपासूनचा मित्र, पलीकडच्या गल्लीत लोखंड कातायचं लेथ चालवतो. तो म्हणाला, "वहिनी, काळी. तिचं सगळं जागच्या जागी आहे. महिनाभरात सुरू होईल. त्याला एक यश दिसू दे, मग पुढचं आपोआप."

हे मला पटलं. आजारी माणसाला आधी पातळ द्यावं, मग घट्ट. काळीच.

यांना विचारलं नाही. काय विचारणार? एकवीस वेळा नाही.

१७ जानेवारी

काळी बाहेर काढली. मी आणि लेथवाल्याने ती पुसून चकचकीत केली, टेबलाजवळ उभी केली, पाने ओळीने मांडले. अगदी नव्या नवरीला नटवावं तसं. मग यांना हाताला धरून खाली आणलं.

हे आले, पाहिलं, आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले.

मी डाव्या हातात पाना दिला. म्हटलं, "प्लग तेवढा काढा ना." पाना काळीच्या टाकीवर आदळला. टाकीला खळगा पडला. लेथवाला पाने गोळा करून गेला.

२६ जानेवारी

चूक कळली, असं वाटलं. माझ्या लेकीचं बरोबर होतं. ज्याने आयुष्यभर थोरलीचं स्वप्न पाहिलं त्याच्यापुढे मी कुणीतरी टाकून दिलेली गाडी ठेवली. अपमानच की तो.

म्हणून आज थोरली. सांगाडा बाहेर आणायला चार माणसं लागली. टाकी तिच्यावर बसवली, हँडल बसवलं, निदान गाडीसारखी दिसावी म्हणून. यांना आणलं. हे जवळ गेले. डाव्या हाताने टाकीवरून हात फिरवला, अगदी हळू, लेकीच्या केसांवरून फिरवायचे तसा. मी लेथवाल्याकडे पाहून मान हलवली. जमलं!

आणि हे रडायला लागले. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. काही केल्या थांबेनात. वर घेऊन आले.

आनंदाने रडले असतील. इतक्या वर्षांनी भेट झाली.

२ फेब्रुवारी

आठवडा झाला, हे खाली उतरत नाहीत. बाई आल्या तर डोळे मिटून घेतात. पेज दिली तर वाटी बाजूला सारतात. बाई जिन्यात थांबून हळूच म्हणाल्या, "काकू, आता हार मानू देऊ नका. पहिलं वर्षच खरं मोलाचं असतं."

मी वर गेले ते तशीच. म्हटलं, "काळी नको, थोरली नको. मग हवंय काय तुम्हाला?"

हे उठले. काठी घेतली, जिन्याकडे गेले. एकेक पायरी, मी मागे. शेडच्या दारात जाऊन काठीने शेळीकडे दाखवलं. "तू," म्हणाले. मग माझ्याकडे दाखवलं. "तू. तू."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. लिहायला लाज वाटते, पण ही वही खोटं लिहायला आणलेली नाही. मी म्हणाले, "ही पत्र्याची शेळी? दोन चांगल्या गाड्या सोडून? तुम्हाला आता कळतंय काय!"

हे माझ्याकडे बघत राहिले. शिवीसुद्धा दिली नाही.

३ फेब्रुवारी

मी माफी मागितली. त्यांनी मान फिरवली. एकही शब्द नाही, म्हणून त्या वहीचं पान आज कोरं.

६ फेब्रुवारी

सीटांसाठी रेक्झिन आणायला घाऊक बाजारात गेले होते. येताना बसमध्ये दोन गुंडाळ्या. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ही वखार नाही." रोजचंच आहे. एक गुंडाळी मांडीवर, एक पायांत, आणि उतरल्यावर दोन्ही खांद्यावर घेऊन थांब्यापासून घरापर्यंत पाऊण मैल. उजवा खांदा भरून आला. मला कधी गाडी शिकायची हौस नव्हती. लग्नानंतर दोन दिवस शिकले होते, मग पोट दिसायला लागलं आणि राहिलं ते राहिलंच. त्यात काय एवढं. मागे बसायची सवय झाली. मागून जग बरं दिसतं, अर्धंच दिसतं एवढंच.

परत आले तर लेथवाला येऊन बसलेला. फडक्यात गुंडाळलेल्या दोन लोखंडी पट्ट्या त्याने टेबलावर ठेवल्या.

"सप्टेंबरात त्याने करायला दिल्या होत्या," म्हणाला. "त्या छोटीच्या मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरला. या लावल्या की सीट दोन इंच खाली येते. मी चालढकल केली, मग हे सगळं झालं."

"खाली कशाला?" मी म्हटलं. "यांची उंची माहीत आहे ना? आधीच त्या शेळीवर बसले तर गुडघे कानाला लागतील."

"मला काय माहीत, वहिनी. त्याने माप दिलं, मी केलं." असं म्हणून तो उगाच बाहेर रस्त्याकडे बघू लागला.

यांचं माप कधी चुकत नाही. बहुतेक लेथवाल्यानेच उलटं ऐकलं असणार. पट्ट्या खिळ्यांच्या डब्यात टाकून दिल्या.

८ फेब्रुवारी

शेळी बाहेर काढली. एकटीने. ती एकटीने निघते, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे.

वर जाऊन म्हटलं, "या. तुमची शेळी बांधलीय दारात." हे आले. चालताना पाय कमी ओढत होते, का मलाच तसं वाटलं कोण जाणे. खुर्चीत बसले. मी पाना हातात दिला. त्यांनी तो परत माझ्या हातात दिला. "तू."

आत्ता कळलं. इतके दिवस "तू, तू" चाललंय ते हे. "तू कर." मी नाही करणार, तूच कर. आयुष्यभर वीजबिल तू भर, पाहुण्यांचं तू बघ, लेकीच्या शाळेत तू जा. आता यांचं इंजिनही मीच!

राग आला खरा. पण रागाच्या भरात माणूस कामं चांगली करतो. मी पदर खोचला आणि पहिला नट पकडला. हात बरोब्बर उलट्या बाजूला फिरवला. यांनी काठीने जमिनीवर दोनदा ठोकलं. मी दुसऱ्या बाजूला फिरवला. एकदा ठोकलं.

एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. भाषा सापडली आम्हाला.

१२ फेब्रुवारी

प्लग काढला. आत पिस्टन जाम. किक हलत नाही. हे तेलाच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वाटी." मग स्वतःच चिडले, मांडीवर बुक्की मारली. शब्द चुकला हे त्यांना कळतं. पण मला 'वाटी' म्हणजे तेल हे कळलं ना, मग काय बिघडलं? प्लगच्या भोकातून वाटीभर वाटी ओतली. आता थांबायचं.

त्या वहीत लिहिलं: वाटी. नवा शब्द!

२० फेब्रुवारी

रोज सकाळी किकवर हाताने जोर देऊन बघते. नाही. मी म्हटलं हातोडी मारू का? काठी दोनदा, जोरात. बाजूला उभा राहून पाहणारा एक गिऱ्हाईक म्हणाला, "गेलेली केस आहे काकू, भंगारात द्या." यांनी त्याला ती शिवी दिली. इतकी सुस्पष्ट, की तो गाडी न देताच निघून गेला. मी हसता हसता खाली बसले. हेही हसले. तोंडाचा उजवा कोपरा हसत नाही, डावा दुप्पट हसतो.

१ मार्च

पिस्टन सुटला!

सकाळी किक दाबली तर कण्हल्यासारखी एक बोट खाली गेली. मी ओरडलेच. हे उठून आले आणि आपला डावा हात माझ्या हातावर ठेवून दाबला. आणखी एक बोट. तासाभरात पुरती फिरली. सिलिंडर काढून लेथवाल्याकडे दिला. तो बोअर करून, म्हणजे आतून घासून रुंद करून, नवा पिस्टन, रिंगा बसवून देणार.

मला एक गोष्ट कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे. सिलिंडर निघाला तेव्हा आतला पिस्टन पाहून मला फार बरं वाटलं. सव्वीस वर्षं मी नुसती वरची सालं शिवत होते. आत असं असतं हे माहीतच नव्हतं.

१५ मार्च

कार्बोरेटर म्हणजे शिवणाच्या मशीनची धाकटी बहीण. बारीक भोकं, कचरा अडकला की रुसणार. माझी सगळ्यात बारीक सुई त्यात गेली. यांनी पाहिलं आणि भुवया उंचावल्या. सुईची युक्ती यांना सव्वीस वर्षांत सुचली नव्हती! काठी एकदा.

हे आता सकाळी मला उठवतात. काठीने पलंगाला ठोकून.

२९ मार्च

स्पार्क येतो का ते बघायचं होतं. प्लग बाहेर काढून इंजिनला टेकवायचा, किक मारायची, निळी ठिणगी दिसली पाहिजे. पण भर दुपारच्या उजेडात काही दिसेना. मी काळ्या रेक्झिनचा मोठा तुकडा आणला आणि दोघांच्या डोक्यावरून पांघरला. आत मिट्ट काळोख, रॉकेलचा वास, यांचा श्वास. एका हाताने किक दाबली.

ठिणगी आली. निळी, टाचणीएवढी.

"तू," हे म्हणाले. किती मऊ म्हणाले! मी म्हटलं, "हो, मीच केलं. दुसरं कोण करणार!" ते आणखी काही म्हणू पाहत होते, ओठ हलत होते, पण शब्द आला नाही. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "सीट झाली का?" आणि आम्ही दोघं रेक्झिनमधून चोरासारखे बाहेर आलो.

४ एप्रिल

आज भांडण झालं. बरं वाटलं. किती दिवसांनी!

हे खिळ्यांच्या डब्यात डाव्या हाताने काहीतरी धुंडाळत होते, आणि त्या दोन पट्ट्या काढल्या. मागच्या शॉककडे बोट. मी म्हटलं, "अहो, त्या चुकीच्या झाल्यात. सीट आणखी बसकी होईल." काठी एकदा. "तुमचे पाय कुठे ठेवणार, डोक्यावर?" काठी एकदा. "तुम्ही उंच, गाडी ठेंगणी, आणि तिला आणखी ठेंगणी करायची?" काठी एकदा, एकदा, एकदा.

लावल्या बाई लावल्या. हट्टापुढे शहाणपण चालत नाही. शेळी आता दाराच्या उंबरठ्याएवढी दिसते.

११ एप्रिल

सुरू झाली. सदतिसाव्या किकला.

आधी फटाका वाजला, मग धूर, मग खोकला, मग ती बोलायला लागली. लेथवाला आवाज ऐकून गल्लीतून पळत आला, हातात अर्धा खाल्लेला पाव. लेकीला फोन लावून नुसता आवाज ऐकवला. ती म्हणाली, "आई, ही कोणती?" मी म्हटलं, "शेळी." "शेळी? मग थोरलीचं काय?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांना विचार." फोन यांच्या कानाला लावला. हे म्हणाले, "नाही." आणि एवढा एकच शब्द इतका शांतपणे म्हणाले, की लेकीने थोरलीचा विषय तिथेच सोडला.

आता उरली फक्त सीट. ते तर माझंच राज्य.

१९ एप्रिल

सीट शिवायची तर बसणाऱ्याचं माप लागतं. कुठे वजन पडतं, मांडी कुठे टेकते, किती फोम हवा. मी म्हटलं, "चला, बसून दाखवा."

गाडी स्टँडवर घट्ट उभी केली. लेथवाला एका बाजूला, मी एका. गाडी मधून मोकळी असल्यामुळे पाय वर उचलावा लागत नाही. आजारी पाय हाताने धरून मधून आत घातला आणि हे पुढे टेकले. मी खडू घेऊन खाली बसले.

मान वर करते तर हे जागेवर नाहीत. डाव्या हाताने रेटा देत देत मागे सरकत होते. पार मागे, मागच्या माणसाच्या जागी जाऊन बसले.

"अहो, पुढे या. माप घ्यायचंय."

"नाही."

"मागे बसून कोण चालवणार? भूत?"

त्यांनी डावा हात पुढच्या रिकाम्या जागेवर ठेवला आणि एकदा थापटलं. "तू," म्हणाले.

मी लेथवाल्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता. म्हणाला, "वहिनी, मागच्या वर्षी तुम्ही त्या दोन गुंडाळ्या घेऊन बसमधून उतरताना पडलात ना, गुडघा फुटला होता. त्याच आठवड्यात तो भंगारवाल्याकडे गेला होता. मला म्हणाला, हिला सांगू नकोस, आधीच नको म्हणेल. सीट खाली आणायची तर तुमची उंची किती ते त्याला नक्की सांगता येईना. मग माझ्या दुकानाच्या चौकटीवर हात धरून दाखवली. इथपर्यंत येते म्हणाला. त्याच्या स्वतःच्या खांद्याला." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "पट्ट्या आणल्या तेव्हाच सांगणार होतो. पण तोंडून निघेना. हे त्याने सांगायचं होतं."

मी खडू हातात धरून तशीच जमिनीवर बसून राहिले. जानेवारीपासून हा माणूस मला दिवसातून दहा वेळा एकच गोष्ट सांगत होता. आणि मी त्याला विचारलं होतं, तुम्हाला कळतंय काय.

हे मागे बसून वाट बघत होते. मी उठले. पुढे बसले. पाय दोन्ही बाजूंना जमिनीला पुरे टेकले.

लेथवाल्याने खडूने माप घेतलं. माझं.

२० एप्रिल

आज शिलाई मशीनवर बसले आणि एकाएकी हात थांबला. थोरलीवरून हात फिरवताना हे का रडले ते आत्ता कळलं. ती भेट नव्हती. निरोप होता. आपण आता कधी गाडी चालवणार नाही हे यांना केव्हाच कळलं होतं. ते मला कळायची वाट बघत होते, आणि मी त्यांच्यासमोर एकेक गाडी नटवून उभी करत होते.

मी जाऊन जवळ बसले. म्हटलं, "कळलं मला." काठी ठोकली नाही. डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, जो फुटला होता त्याच्यावर.

२ मे

शिकतेय. मागच्या मैदानात, सकाळी, कुणी नसताना. पहिल्या दिवशी रिकाम्या खोक्यांच्या ढिगात शिरले. दुसऱ्या दिवशी ढीगच हलवून ठेवला, तर भिंतीला भेटले. पन्नाशी उलटलेल्या बाईने कोपर खरचटून घरी यावं, आणि लेकीने फोनवरून रागवावं! "आई, हेल्मेट घातलं होतंस ना?" घातलं होतं. यांनीच डोक्यावर ठेवलं, पट्टा मात्र मला लावावा लागला.

हे मैदानाच्या कडेला खुर्चीत. काठीने दोनदा ठोकतात, पण गाडीवर बसलं की मला ऐकू येत नाही. हा एक फायदा.

२१ मे

डॉक्टरांना विचारलं, यांना मागे बसवू का. त्यांनी यांचा पाय तपासला, तोल तपासला, आणि म्हणाले, "पाठीला टेका हवा, हाताला धरायला काहीतरी हवं, आणि आत्ता फक्त मैदानात. हळू." बाई म्हणाल्या, "काकू, मी येऊ का बघायला?" म्हटलं, नको. गर्दी झाली की माझा पाय गिअरऐवजी ब्रेकवर पडतो.

लेथवाला पाठीचा टेका करतोय. मी एक रुंद पट्टा शिवला, दुहेरी रेक्झिन, आत फोम. तो माझ्या कंबरेला बांधायचा. डाव्या बाजूला मूठ, यांना धरायला. उजव्या बाजूला नुसती खोबण, ज्यात यांचा उजवा हात ठेवला की निसटणार नाही. चार वेळा उसवला, चार वेळा शिवला. इतका जीव लावून मी आजवर कुठली शिवण घातली नाही.

३० मे

आज सकाळी गेलो.

लेथवाल्याने यांना बसवलं, मागचा टेका आवळला, आणि दूर जाऊन उभा राहिला. मी पुढे बसले. यांचा उजवा हात माझ्या पट्ट्याच्या खोबणीत ठेवला. डाव्या हाताने त्यांनी मूठ धरली. वजन अंगावर आलं. सव्वीस वर्षं मी मागे बसत होते तेव्हा पुढच्या माणसाला माझं वजन असं लागत असेल, हे मला माहीत नव्हतं. ओझं नाही ते. पाठीशी कुणीतरी आहे एवढंच.

पहिला गिअर. मैदान खडबडीत आहे, मी प्रत्येक खड्डा आधी बघून घेत होते. एक फेरी. दुसऱ्या फेरीला दुसरा गिअर टाकला. वाऱ्याने कान भरले. पाठीमागून काही आवाज आला नाही, मलाही मागे बघता येत नव्हतं. मी ओरडून विचारलं, "थांबू का?" उत्तर नाही. पट्ट्याची मूठ मात्र घट्ट होती. म्हणून चालवत राहिले. पाच फेऱ्या झाल्या.

कडेला आणून गाडी बंद केली, स्टँडला लावायला लेथवाला आला. मी म्हटलं, "उतरा आता."

हे उतरले नाहीत. कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं होतं. पाठीचा कपडा ओला लागत होता. हसत होते की रडत होते ते मला दिसत नव्हतं आणि मी विचारलं नाही. लेथवाल्याने हाताने खूण केली, राहू दे, आणि तो गाडी धरून दुसरीकडे बघत उभा राहिला.

आम्ही तसेच बसून राहिलो. मी पुढे, हे मागे, गाडी बंद. इंजिन गार होताना टिकटिक वाजत होतं. मैदानात एक माणूस कुत्रा फिरवायला आला होता, तो थांबून बघून गेला. मला काहीच वाटलं नाही.

माझा पाय आखडला तेव्हा उतरलो.